अधारीचा झरा आणि घरातले कपाट

बहरीनच्या बेटावर, मनामा शहरालगत, अधारी नावाचा गोड्या पाण्याचा एक प्राचीन झरा होता. ‘बहरीन’ या अरबी शब्दाचा अर्थच मुळी ‘दोन समुद्र’ असा आहे. सभोवार खारट पाणी पसरलेले असताना या बेटाच्या पोटातून गोडे पाणी उसळत असे. इतकेच नव्हे, तर समुद्राच्या तळाशीही असे झरे होते आणि मोत्यांसाठी बुडी मारणारे पाणबुडे तेथून चामड्याच्या पिशव्या भरून पिण्याचे पाणी वर आणीत. अधारीचे पाणी पाटांवाटे दूरदूरच्या खजुरीच्या बागांना जाई. झऱ्याच्या अगदी लगतची जमीन मात्र कोरडी राही. त्यावरून बहरीनी लोकांत एक म्हण रूढ झाली : अधारी दूरच्याला पाजते आणि जवळच्याला विसरते. पुढे विसाव्या शतकात विहिरींतून बेसुमार उपसा झाला, भूगर्भातील पाणी खारावले आणि झऱ्याचे वाहणे थांबले. झरा आटला, तरी म्हण आटली नाही. मराठी माणसास ती ऐकताच ‘काखेत कळसा नि गावाला वळसा’ ही घरची म्हण आठवावी.

मनाम्यातील एका हॉटेलात खोल्यांच्या स्वच्छतेवर देखरेख करणाऱ्या एका मराठी स्त्रीने ही म्हण प्रथम ऐकली, ती तेथील बहरीनी सहकारिणीच्या तोंडून. ही स्त्री मूळची मॉरिशसची. तिचे पूर्वज एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास रत्नागिरीकडून मुंबईस आले, करारावर अंगठा उठवून जहाजात बसले आणि पोर्ट लुईच्या धक्क्यावरील त्या सोळा पायऱ्या चढून उसाच्या मळ्यात गेले. कास्कावेलच्या परिसरात तिचे बालपण गेले. घरात बोलणे क्रिओल भाषेत चाले. परंतु भजन मराठीत, गणपतीची आरती मराठीत आणि आजीचे रागावणेही मराठीत. लग्नानंतर पतीसह ती नोकरीनिमित्त बहरीनला आली. पती त्याच हॉटेलच्या मुदपाकखान्यात कामाला लागला. गुदैबिया भागातील एका जुन्या इमारतीत दोन खोल्यांचे बिऱ्हाड मांडले. चार वर्षांची एक मुलगी, आणि शेजारी साताऱ्याकडच्या एक काकू, ज्यांच्यामुळे तिला परक्या देशात माहेर लाभले.

रसायनांविषयी तिच्या मनात आरंभापासून वैर होते असे मुळीच नाही. उलट तिच्या आजीने तिला लहानपणी एक हकीगत अनेकदा सांगितली होती. मॉरिशसमध्ये १८६६ ते १८६८ या काळात हिवतापाची जी साथ आली, तिने मळ्यांतील वस्त्या ओस पाडल्या. त्यानंतरही पिढ्यान्‌पिढ्या तो ताप घरोघर ठाण मांडून बसला होता. आजी नवी नवरी म्हणून सासरी आली, त्या सुमारास, १९४९ साली, सरकारने डी.डी.टी. फवारण्याची मोहीम सुरू केली. पाठीवर पंप बांधलेली माणसे दारात येत, भांडीकुंडी बाहेर काढावयास लावीत आणि भिंतींवर औषध मारून जात. ‘ते लोक आले नसते तर तुझा बाप जगला नसता,’ असे आजी म्हणे. तिच्या म्हणण्यात अतिशयोक्ती असली तरी असत्य नव्हते. १९७३ मध्ये ते बेट हिवतापमुक्त म्हणून जाहीर झाले. पुढे रोगाने पुन्हा डोके वर काढले आणि १९९८ नंतर तो तेथून कायमचा हटला.

ज्या पॉल म्युलर नामक स्विस शास्त्रज्ञाने १९३९ मध्ये डी.डी.टी.ची कीटकनाशक शक्ती शोधून काढली, त्यास १९४८ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले. आणि अवघ्या चौदा वर्षांनी, १९६२ मध्ये, रेचेल कार्सन या अमेरिकन लेखिकेने आपल्या ग्रंथात दाखवून दिले की, हेच द्रव्य शेतांवर सढळ हाताने फवारले म्हणजे ते मातीत टिकते, माशांत साठते आणि पक्ष्यांचा वंश खुंटविते. २००१ च्या स्टॉकहोम करारानुसार डी.डी.टी.चा उपयोग आता केवळ रोगवाहक कीटकांच्या निर्मूलनापुरता मर्यादित ठेवला आहे. एकाच वस्तूच्या या दोन हकीगती आहेत व दोन्ही खऱ्या आहेत. जे द्रव्य मोजून, गरजेपुरते आणि जाणत्या हातांनी वापरले असता प्राण वाचविते, तेच न मोजता, सवयीने आणि अजाणतेपणी वापरले असता प्राण घेते. हा भेद त्या स्त्रीला पुस्तकातून कळला नाही. तो तिला एका रात्रीने शिकविला.

हॉटेलातील कामाचे तिला रीतसर शिक्षण मिळाले होते. ब्लीच आणि संडास धुण्याचे आम्ल कधीही एकत्र करू नये, कारण त्यातून क्लोरीन वायू निघतो. कोणतेही द्रव्य त्याच्या मूळ बाटलीतून दुसऱ्या बाटलीत ओतू नये. हातमोजे घातल्याशिवाय झाकण उघडू नये. खिडकी उघडल्याशिवाय फवारा मारू नये. हे नियम ती हाताखालच्या मुलींकडून तोंडपाठ करून घेई आणि चुकणारीस ताकीद देई. परंतु संध्याकाळी घरी आली की तीच बाई निराळी होई. स्वयंपाकघरातील मोरीखालच्या कपाटात झुरळांच्या फवाऱ्याचे तीन डबे होते, त्यांपैकी दोन अर्धवट. सरबताच्या रिकाम्या बाटलीत आम्ल होते. कपड्यांच्या पेटीत डांबरगोळ्या, पलंगाखाली डासांची कॉइल, गव्हाच्या डब्यात भारतातून आलेल्या कुणी तरी दिलेल्या पारद गोळ्या. रोज रात्री निजण्यापूर्वी ती मोरीपाशी फवारा मारी, वातानुकूलन यंत्र चालू करी आणि दारे-खिडक्या घट्ट लावून घेई. नोकरीत पाळावयाचे नियम घरात पाळावयाचे असतात, हे तिच्या मनातच आले नव्हते. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

ऑगस्ट महिना होता. बहरीनमध्ये त्या महिन्यात उष्णतेच्या जोडीला समुद्रावरून दमट हवा येते आणि रात्रीसुद्धा भिंतींना घाम फुटतो. मध्यरात्रीच्या सुमारास मुलीला उलटी झाली. संध्याकाळी खाल्लेले काही तरी बाधले असेल, अशी आईची समजूत झाली. तिने साखर-मीठ घातलेले पाणी दिले. अर्ध्या तासात पुन्हा उलटी झाली आणि मुलगी धापा टाकू लागली. इतक्यात पती उठून बसला व म्हणाला, ‘माझेही डोके गरगरते आहे.’ तिला हॉटेलातील शिक्षकाचे एक वाक्य आठवले : एकाच खोलीतील दोन माणसांना एकाच वेळी बरे वाटेनासे झाले, तर अन्नाचा संशय नंतर घ्यावा, हवेचा आधी. तिने श्वास घेऊन पाहिला. खोलीत लसणासारखा, किंवा सडक्या मासळीसारखा, अगदी पुसट वास होता. त्या दिवशी घरात लसूणही नव्हता आणि मासळीही नव्हती.

तिने मुलीला उचलले, पतीला हाताशी धरले आणि अनवाणीच जिन्याकडे धाव घेतली. जाता जाता काकूंच्या दारावर थापा मारल्या. ‘काकू, काही विचारू नका, सगळ्यांना घेऊन खाली चला!’ काकूंनीही काही विचारले नाही. त्यांच्या यजमानांनी ९९९ या क्रमांकावर दूरध्वनी केला आणि रुग्णवाहिका आली.

कारण दुसऱ्या दिवशी उघडकीस आले. समोरच्या बिऱ्हाडात सहा तरुण राहत होते. कुणी बांधकामावर, कुणी धुलाईच्या दुकानात. त्यांच्या लोखंडी खाटांना ढेकणांनी इतके व्यापले होते की, दिवसभर उन्हात राबून आलेल्या त्या माणसांना रात्री डोळ्यास डोळा लागत नसे. कुणा ओळखीच्या माणसाकडून त्यांना विनाचिठ्ठीच्या गोळ्या मिळाल्या. ‘खोलीत ठेवा, दार बंद करा, दोन दिवस बाहेर राहा,’ एवढाच उपदेश त्या गोळ्यांबरोबर मिळाला. त्या होत्या ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या. गोदामांतील धान्यास धुरी देण्यासाठी, तीही शिकलेल्या माणसाने, ही द्रव्ये वापरावयाची असतात; राहत्या घरात त्यांना मुळीच स्थान नाही. हवेतील ओलाव्याचा स्पर्श होताच त्यांतून फॉस्फिन नावाचा वायू सुटतो. तो दाराखालच्या फटीतून, नळांच्या भोकांतून व हवेच्या झरोक्यांतून शेजारच्या घरात सहज शिरतो. फुप्फुसे आणि हृदय यांवर तो आघात करतो आणि त्यावर उतारा म्हणून देता येईल असे औषध नाही. रोग्यास केवळ आधार देत राहावे लागते. या गोळ्यांनी आखाती देशांत शेजारच्या घरांतील निजलेली बालके दगावल्याच्या घटना घडलेल्या आहेत. मुलीचे दैव बलवत्तर, म्हणून ती वेळेवर मोकळ्या हवेत आली. तीन दिवस तिला रुग्णालयात ठेवले. चौथ्या दिवशी ती हसत घरी आली.

ते सहा तरुण रुग्णालयाच्या दारात येऊन उभे राहिले होते. मान वर करण्याचे धैर्य त्यांच्यात नव्हते. त्यांच्यावर तुटून पडावे, असा संताप त्या आईच्या मनात दाटला होता आणि तो अनाठायी नव्हता. परंतु त्यांच्या मनगटांवरील व मानेवरील ढेकणांच्या चाव्यांचे व्रण तिने पाहिले आणि शब्द ओठांतच राहिले. मॉरिशसमध्ये मळ्यातील मजुरांच्या वस्तीला ‘कॅम्प’ म्हणत. बहरीनमध्येही मजुरांच्या वस्तीला ‘कॅम्प’च म्हणतात. तिच्या पणजोबांचे सारे आयुष्य अशाच एका कॅम्पात, एका खोलीत अनेकजण मिळून, उवा-ढेकणांच्या संगतीत गेले होते. ‘त्यांनाही कुणी अशा गोळ्या दिल्या असत्या, तर त्यांनीही त्या ठेवल्या असत्या,’ असे ती नंतर काकूंना म्हणाली.

घरी परतल्यावर मात्र भयाने तिचा ताबा घेतला. तिला जिकडेतिकडे विष दिसू लागले. एप्रिल २०२४ मध्ये हाँगकाँग व सिंगापूर येथे काही भारतीय मसाल्यांत एथिलीन ऑक्साइड सापडल्याची बातमी तिने शोधून वाचली. शेजारच्या सौदी अरबस्तानाने २०१४ मध्ये कीटकनाशकांच्या अवशेषांमुळे भारतीय हिरव्या मिरचीची आयात रोखली होती, हेही वाचले. मग तिने मिरची आणणे बंद केले, द्राक्षे बंद केली, फुलकोबी बंद केली, पालेभाजीकडे तर पाहीनाशी झाली. मुलगी तीन आठवडे भात आणि बिस्किटांवर राहिली. शेवटी काकूंनी एके दिवशी तिला धारेवर धरले. ‘अगं, भाजी सोडून पोरीला बिस्किटे चारतेस, हे कुठले पथ्य? आणि ज्या कपाटात तू स्वतःच्या हाताने विष भरून ठेवलेस, ते अजून जसेच्या तसे आहे! आधी ते उघड.’

अधारीची म्हण तिला त्या क्षणी खऱ्या अर्थाने कळली. दूरच्या शेतांची, दूरच्या कारखान्यांची आणि वर्तमानपत्रांतील बातम्यांची चिंता ती रात्रंदिवस वाहत होती. आणि हाताच्या अंतरावर असलेले कपाट विसरली होती.

त्या दुपारी दोघींनी मिळून कपाट रिकामे केले. प्रत्येक वस्तू हाती घेऊन त्यांनी एकच प्रश्न विचारावयाचा ठरविले : ही वस्तू ज्या कारणासाठी आणली, ते कारणच नाहीसे करता येईल काय? या एका प्रश्नाने निम्म्याहून अधिक वस्तू निकालात निघाल्या.

झुरळे कशासाठी येतात? पाणी व खरकटे यांसाठी. मोरीचा गळका नळ दुरुस्त झाला, रात्री भांडी न ठेवण्याचा नियम झाला, नळाभोवतीच्या फटी सिमेंटने बुजविल्या गेल्या. उरल्यासुरल्यांसाठी, मुलीचा हात पोहोचणार नाही अशा फटीत, औषधाचे लहानसे ठिपके लावले. फवारा खोलीभर पसरतो आणि फरशीवर, उशीवर व खेळण्यांवर बसतो. लहान मूल जमिनीवर खेळते व हात तोंडात घालते, म्हणून त्याच्या पोटात मोठ्या माणसापेक्षा अधिक जाते. फटीतील ठिपका मात्र जेथे लावला तेथेच राहतो. बहरीनमध्ये वर्षातील कित्येक महिने घरे बंद ठेवून तीच हवा थंड करून पुन्हा पुन्हा घ्यावी लागते; त्यामुळे मोकळ्या कोकणी घरात जो फवारा वाऱ्यावर निघून गेला असता, तो येथे घरातच मुक्काम करतो, ही गोष्ट काकूंनाही तेव्हा प्रथमच उमगली.

कॉइलचेही तेच. २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात असे आढळले होते की, एका कॉइलमधून निघणारे सूक्ष्म धूलिकण ७५ ते १३७ सिगारेटींच्या तोडीचे असू शकतात. खिडकीला जाळी बसविली, पलंगावर मच्छरदाणी आली आणि कॉइल गेली. देवापुढील उदबत्ती राहिली; पण एकच, आणि तीही उघड्या खिडकीपाशी.

डांबरगोळ्यांची कथा अधिक उद्बोधक आहे. बहरीनमध्ये एकेकाळी हिवतापाचा उपद्रव होता. जेथे जेथे तो ताप पिढ्यान्‌पिढ्या राहिला, तेथील पुष्कळ लोकांच्या रक्तात जी-सिक्स-पी-डी नामक द्रव्याची जन्मजात उणीव आढळते. ही उणीव बहरीनी लोकांत बरीच आहे आणि भारतीय वंशाच्या कुटुंबांतही असते. अशा अर्भकास डांबरगोळ्यांत ठेवलेल्या दुपट्यात गुंडाळले, तर नुसत्या वाफेनेही त्याच्या रक्तातील तांबड्या पेशी फुटून तीव्र कावीळ होऊ शकते. रुग्णालयातील परिचारिकेने हे सांगितल्यापासून पेटीत कडुलिंबाचा वाळलेला पाला आला. तो डांबरगोळीइतका प्रभावी नसेल. म्हणून कपडे महिन्यातून एकदा उन्हात घालण्याचा परिपाठ सुरू झाला. बहरीनच्या उन्हाला तोटा कसला?

धान्याच्या बाबतीत काकूंनी आपल्या सासूची पद्धत सांगितली. गव्हाला आणि तुरीच्या डाळीला एरंडेलाचा हात लावावा. डबा कोरडा असावा. आणि मुख्य म्हणजे वर्षाचे धान्य एकदम भरण्याचा गावाकडचा सोस परदेशात धरू नये. दुकान जिन्याखाली असताना दहा किलो रवा कशाला? लागेल तेवढे आणावे, रवा-मैदा शीतपेटीत ठेवावा. पारद गोळ्यांत पारा असतो व पारा हे विष आहे. त्या गोळ्या वेगळ्या बांधून, कचऱ्यात न मिसळता, योग्य ठिकाणी सोपविल्या. सरबताच्या बाटलीतील आम्लाचीही तशीच रवानगी झाली.

मग भाजीचा प्रश्न निघाला. येथे दोघींनी मध्यममार्ग स्वीकारला. कोबीची वरची पाने काढून टाकावी. फळे आणि भाज्या वाहत्या पाण्याखाली हाताने चोळून धुवाव्या; साबण लावू नये, कारण तो भाजीत मुरतो. २०१७ मध्ये अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या संशोधकांनी सफरचंदांवर प्रयोग करून दाखविले की, खाण्याच्या सोड्याच्या सौम्य पाण्यात बारा ते पंधरा मिनिटे ठेवल्यास सालीवरील दोन कीटकनाशकांचे अवशेष निघून जातात. परंतु सालीच्या आत जे शिरले ते काही निघत नाही. तात्पर्य, धुणे हे उपयोगी आहे, सर्वस्व नाही. एकच एक भाजी रोज न खाता पालट करावा, म्हणजे एकाच द्रव्याचा संचय होत नाही. आंबा हिरवाच आणून पेंढ्यात किंवा कागदात पिकवावा. कॅल्शियम कार्बाइडने पिकविलेला आंबा वरून पिवळाधमक दिसतो आणि आत आंबटच राहतो. त्या द्रव्यात आर्सेनिकचा अंश असू शकतो, म्हणून भारतात ते फळे पिकविण्यास वापरण्यास बंदी आहे. हळद शक्यतो हळकुंडे आणून दळावी, कारण काही व्यापारी तिच्या पिवळेपणासाठी शिशाचे क्षार मिसळतात; बांगलादेशात २०१९ मध्ये हा प्रकार संशोधकांनी उघडकीस आणला व तेथील सरकारने तो मोडून काढला. आणि ज्या कुंकवाचा लाल रंग शेंदराचा, म्हणजे शिशाचा आहे, ते लहान मुलीच्या कपाळी लावू नये. यांपैकी कोणत्याही गोष्टीसाठी मोठा खर्च नाही, की कोणताही पंथ स्वीकारावा लागत नाही.

हिवाळ्यात शनिवारी सकाळी बुदैयाच्या वनस्पतिउद्यानात स्थानिक शेतकऱ्यांचा बाजार भरतो. काकडी, टोमॅटो, मुळा, जर्जीरची जुडी असे बेटावरच पिकलेले जिन्नस तेथे मिळतात. दोघी तेथे जाऊ लागल्या. जवळ पिकले म्हणजे आपोआप निर्विष झाले, अशी भाबडी समजूत त्यांनी बाळगली नाही. परंतु तेथे पिकविणारा समोर असतो आणि त्याला विचारता येते : ‘शेवटची फवारणी केव्हा केली?’ फवारणी आणि तोडणी यांत ठरावीक दिवस जाऊ द्यावे लागतात. जो शेतकरी न अडखळता उत्तर देतो, त्याच्याकडून त्या भाजी घेतात.

येथवरची कथा जवळच्या विषाची झाली. दूरच्या विषाचा अर्थ त्या स्त्रीला एका माळ्याने सांगितला. इमारतीसमोरील रस्त्याच्या कडेच्या खजुरींची निगा राखणारा एक तरुण यवतमाळ जिल्ह्यातला होता. काकूंना कुणी तरी मराठीत ‘मावशी, पाणी मिळंल का?’ असे विचारले, तेथून ओळख झाली. तो खजुरीच्या तांबड्या सोंड्या किड्याविषयी सांगे. हा किडा मूळचा दक्षिण आशियातला, म्हणजे आपल्याच बाजूचा. गेल्या शतकाच्या नवव्या दशकात तो रोपांबरोबर आखातात शिरला आणि खजुरीचे बुंधे आतून पोखरू लागला. त्यासाठी झाडांना औषध द्यावे लागते. त्याबरोबरच गंधाने किड्यांना भुलविणारे सापळेही लावतात, आणि जेथे सापळे नीट लावले जातात तेथे औषध कमी लागते.

एकदा बोलता बोलता तो २०१७ च्या खरिपाविषयी बोलला. त्या वर्षी कपाशी माणसाच्या उंचीएवढी वाढली होती. पाठीवर पंप घेऊन तिच्यात शिरले की फवारा अंगावर, तोंडावर, डोळ्यांत येई. दोन-तीन औषधे एकत्र कालवून मारण्याचा प्रघात पडला होता. अंगावर साधा सदरा, तोंडावर फडके. त्या हंगामात एकट्या यवतमाळ जिल्ह्यात विषबाधेने वीसहून अधिक माणसे मेली आणि शेकडो रुग्णालयात पडली. त्यांत पुष्कळसे स्वतःच्या शेतात नव्हे, तर मजुरीवर फवारणारे होते. ‘डब्यावर त्रिकोण असतो,’ तो म्हणाला. ‘लाल, पिवळा, निळा, हिरवा. आम्हाला वाटायचं, हिरवा म्हणजे काही होत नाही. हिरवा म्हणजे फक्त बाकीच्यांपेक्षा कमी, हे मला इथं आल्यावर कळलं.’ लाल त्रिकोण सर्वांत जहाल विषाचा. पण तो रंग ज्याच्यासाठी छापलेला, त्याला त्याचा अर्थ कुणी सांगितला नव्हता.

हे ऐकल्यावर त्या स्त्रीच्या मनातील भीतीचे रूप पालटले. भाजीवर उरलेला जो कण तिच्या ताटात येतो, त्याच्या अनेकपट विष आधी कुणाच्या तरी श्वासातून गेलेले असते. २ व ३ डिसेंबर १९८४ च्या रात्री भोपाळमध्ये जो वायू सुटला, तोही कीटकनाशक बनविण्याचाच कच्चा माल होता आणि त्याने आधी मारले ते कारखान्याच्या भिंतीलगतच्या झोपड्यांतील कष्टकऱ्यांना. ज्यांच्या पूर्वजांनी करारावर अंगठा उठवून परक्या मळ्यांत ऊस तोडला, त्यांना हे निराळे समजावून सांगावयास नको. त्या काळी साखर दूरच्या ताटात गोड लागे आणि घाम, ताप व मृत्यू मळ्यातच राहत.

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला त्या वर्षी तिने व काकूंनी मिळून वाण दिले, त्याची चर्चा मनाम्यातील मराठी घरांत काही दिवस चालली. तिळगुळाबरोबर प्रत्येकीच्या ओटीत रबरी हातमोज्यांचा एक जोड आणि एक लहान कागद. कागदावर चार ओळी होत्या : मूळ बाटली बदलू नका. दोन द्रव्ये मिसळू नका. चिठ्ठी नसलेली गोळी घरात आणू नका, शेजाऱ्यालाही आणू देऊ नका. घरातल्या दोघांना एकदम मळमळ झाली, तर आधी बाहेर पडा, मग ९९९. काही बायकांनी प्रथम तोंडाला पदर लावून हसून घेतले. नंतर त्यांतल्याच एकीने आपल्या मोरीखालच्या कपाटात सरबताच्या बाटलीत काय आहे ते आठवून एकाएकी हसणे थांबविले.

समोरच्या बिऱ्हाडातील ढेकणांचे काय झाले, हे सांगावयाचे राहिले. हॉटेलातील अनुभवाच्या बळावर तिने त्या तरुणांना मार्ग दाखविला. सारे कपडे व चादरी कढत पाण्यात धुवून कडकडीत सुकविल्या. भुसभुशीत गाद्या टाकून दिल्या, खाटांच्या सांध्यांत वाफ सोडली, भिंतीच्या फटी बुजविल्या. ढेकणांची अंडी आठ-पंधरा दिवसांत फुटतात, म्हणून हेच काम थोड्या थोड्या दिवसांनी तीनदा केले. घरमालकाने प्रथम टाळाटाळ केली. पण सर्व बिऱ्हाडकरू एकत्र भेटावयास गेले, तेव्हा परवानाधारक माणसाकडून उरलेले काम करून देण्यास तो तयार झाला. तिसऱ्या फेरीनंतर त्यांपैकी एकजण पेढ्यांचा पुडा घेऊन आला. लाजत लाजत म्हणाला, ‘ताई, काल रात्री झोप लागली.’

त्या घरातील मोरीखालचे कपाट आता जवळजवळ रिकामे आहे. खाण्याचा सोडा, एक साबण, एक ब्रश आणि हातमोज्यांचा जोड एवढेच त्यात असते. आणि जी एकदोन जहाल द्रव्ये खरोखर लागतात, ती मूळ बाटलीतच, कुलपात, उंचावर ठेवलेली असतात. खिडकी रोज पहाटे, ऊन तापण्यापूर्वी, अर्धा तास उघडी असते. अधारीचे पाणी आता दूरच्यालाही मिळत नाही आणि जवळच्यालाही. परंतु त्या दोन खोल्यांत जवळचे कपाट कुणी विसरत नाही. आणि रोज भाजी धुताना मुलगी विचारते की ही कुणी पिकविली, तेव्हा आई पाणी बंद करून तिला नीट उत्तर देते.